वेळेवर

“उद्या सकाळी वेळेवर या. मी आधी जाऊन थांबतो. आणि हो, कुणाला सांगत बसू नका.”

मी मागच्या पडवीत बांगडे साफ करत होते आणि माझे यजमान माडाखाली उभे राहून फोनवर बोलत होते. बोलत होते तेही आमच्या मालवणीत नाही, शाळेच्या पुस्तकातल्या मराठीत. ही पुस्तकी मराठी त्यांच्या तोंडातून दोनच ठिकाणी निघायची, सरकारी कचेरीत आणि गौतमीबाईंशी बोलताना. दिवेलागणीला कुठली कचेरी उघडी असते?

आमच्या कोंडवेळमध्ये समुद्राच्या पुळणीला वेळ म्हणतात. ‘वेळेर जातंय’ म्हणजे पुळणीवर जाते. या ‘वेळेर’ला शहरी कपडे चढवले की ‘वेळेवर’ होतं, एवढं सातवी पास बाईला कळतं. म्हणजे हे गौतमीबाईंना उद्या सकाळी पुळणीवर बोलावत होते, स्वतः आधी जाऊन थांबणार होते, आणि वर कुणाला सांगू नका म्हणत होते. माझ्या हातातल्या बांगड्याचं डोकं जरा जास्तच जोरात उडालं.

यजमानांचं नाव दिगंबर. आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, पण इथे घेते. सारखं ‘हे’ आणि ‘हे’ म्हणत राहिले तर कोण कुठला ते तुम्हाला कळायचं नाही. आणि गौतमीबाई तरी कुठे घ्यायच्या थांबत होत्या? दिवसातून पन्नास वेळा ‘दिगंबर, इकडे बघा’, ‘दिगंबर, हा वारा कुठला?’ त्यांच्या तोंडी ते नाव इतकं सुटसुटीत यायचं की वाटायचं, हे नाव मी इतकी वर्षं जपून ठेवलं आणि वापरलं मात्र दुसरीनेच.

गौतमी शेजवलकर पुण्याच्या. पाण्याची तपासणी करणाऱ्या कुठल्याशा संस्थेत होत्या. आमच्या समुद्राला घाण लागली होती म्हणून त्या आल्या. आमची रापण आहे. रापण म्हणजे सगळ्या वाडीने मिळून किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. दोन वर्षं झाली होती, जाळ्यात माशांबरोबर काळा चिकट गाळ यायचा. पाण्यावर पिवळा फेस तरंगायचा. जाळं ओढायला कमरेएवढ्या पाण्यात उभे राहणारे पुरुष घरी यायचे ते पाय खाजवतच, आणि मग त्या पायांवर फोड उठायचे. बाजारात मी टोपली ठेवली की गिऱ्हाईक आधी विचारायचं, “ही कोंडवेळची मासळी मां?” आणि पुढच्या बाईकडे वळायचं.

घाण येत होती ती डोंगरावरच्या नव्या रिसॉर्टमधून, हा सगळ्या गावाचा संशय. पण संशयाला पाय नव्हते. रिसॉर्टवाले म्हणायचे, आमची सगळी व्यवस्था आतल्या आत आहे, गटार बाहेर काढलेलंच नाही. आणि खरंच, अख्खा डोंगर पालथा घातला तरी कुणाला पाइप सापडला नव्हता.

दिगंबर रापणीचे मुख्य. गौतमीबाई आल्या आणि हे त्यांचे वाटाडे झाले. दोघं मिळून पाण्याच्या बाटल्या भरायची. बाटल्या गार राहायला हव्यात म्हणून त्या आमच्या फ्रिजमध्ये. माझ्या सोलकढीच्या शेजारी गटाराच्या पाण्याच्या बाटल्या! प्रत्येकीवर गौतमीबाईंच्या गोल अक्षरात चिठ्ठी. मी सोलकढी फळीवरच्या मडक्यात हलवली. फ्रिज त्यांचा झाला.

हेही मी चालवून घेतलं असतं. मला सलत होतं ते वेगळंच. दिगंबर मुलखाचे अबोल. लग्न झाल्यापासून माझ्याशी बोलायला त्यांच्यापाशी ठरलेली वाक्यं होती. आमटी कसली केलंस, लाइट गेली, दार लाव. तेवढ्यावर आमचा संसार नीट चालला होता. मला वाटायचं, ह्या माणसाला देवाने बोलणंच कमी दिलंय, तर आपण तक्रार कुणाकडे करायची? आणि एके दिवशी मी टोपली घेऊन पुळणीवरून येत होते, तर हा माणूस वाळूत उकिडवा बसून काठीने रेघा ओढत होता आणि बोलत होता. हा करंट इकडून येतो, वारा फिरला की असा वळतो, तारली मासळी या बाजूने शिरते, माझे वडील पाण्याचा रंग बघून जाळं टाकायचे. गौतमीबाई गुडघे टेकून ऐकत होत्या. मी पाठीमागे उभी होते ते दोघांपैकी कुणालाच कळलं नाही.

सासरे पाण्याचा रंग बघून जाळं टाकायचे, हे मला त्या दिवशी कळलं. मी त्या माणसाला शेवटपर्यंत पेज भरवली होती.

त्यातून गौतमीबाई उतरल्या होत्या भागीरथीवयनीच्या खोलीत, आमच्या शेजारी. वयनीचा स्वभाव असा की दुसऱ्याच्या घरात धूर दिसला तर ती पाणी आणायच्या आधी फुंकणी आणेल.

“तुझो घोव आज परत इल्लो गो,” ती कुंपणावरून सांगायची. “दोन कप च्या झाली.”

“येंदेत. कामाचा आसतला काय तरी.”

“तां आसताच. पण हसत होतो.”

हसत होता! आमच्या लग्नाच्या फोटोतही हा माणूस हसलेला नाही.

तर त्या संध्याकाळी फोन संपवून दिगंबर आत आले आणि म्हणाले, “फाल्यां सकाळी ओरोसाक, जिल्ह्याच्या ठिकाणी जातंय. पाणी तपासूक द्यायचा आसा.”

“एकटेच?”

“गौतमीबाई आसत वांगडा.”

“कितक्या वाजता?”

“सकाळी.”

झालं. चोराने अर्धं खरं सांगितलं. जेवणं झाल्यावर त्यांनी कपाटातून आकाशी शर्ट काढला आणि स्वतः इस्त्री केली. गणपतीत घालायचा शर्ट. पाणी तपासायला देणाऱ्या माणसाला कॉलरची इस्त्री कशाला लागते?

पहाटे ते उठले, फ्रिजमधल्या बाटल्या पिशवीत भरल्या, दार हळूच ओढून घेतलं. मी डोळे मिटून पडले होते. पावलं लांब गेली तशी मी उठले, पदर खोचला, मासे कापायची कोयती घेतली आणि मागच्या वाटेने सुरूच्या बनातून पुळणीकडे निघाले. कोयती कशाला घेतली ते विचारू नका. मला स्वतःला ठाऊक नाही.

अजून नीट उजाडलं नव्हतं. मी एका पालथ्या होडीच्या आड बसले. डोक्यात सगळं जुळवून ठेवलं होतं, काय बोलायचं, कुणाला आधी बोलायचं. आधी तिला. म्हणायचं, ‘बाई, तुमका पाण्यातली घाण बरी दिसता, दुसऱ्याच्या घरातली दिसणा नाय?’ हे वाक्य मी वाटेत तयार केलं होतं आणि मला ते फार आवडलं होतं.

गाडीचा आवाज आला. बनाच्या कडेने एक टँकर उलटा येत येत खडपापर्यंत, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांपर्यंत आला. बत्त्या बंद. पांढरा टँकर, त्यावर निळ्या अक्षरांत ‘पिण्याचे पाणी’. हा टँकर सगळ्या गावाच्या ओळखीचा. रिसॉर्टच्या विहिरीला खारं पाणी लागलं, म्हणून ते टँकरने गोडं पाणी वर चढवायचे. तो रोज वर जाताना दिसायचा आणि खाली येताना दिसायचा. वर जाताना भरलेला आणि खाली येताना रिकामा, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

मला आधी वाटलं, ही दोघं टँकरमधून आली. जळणाऱ्या माणसाचं डोकं कसं चालतं बघा. आता दार उघडेल, आकाशी शर्ट उतरेल, मग ती उतरेल. दार उघडलं आणि एक माणूस उतरला. तोंडाला फडकं बांधलेला. त्याने मागचा जाड पाइप सोडून खडपाच्या भेगेत घातला आणि चावी फिरवली.

वास आला तेव्हा मला कळलं. मी पदर नाकाला लावला. ओहोटी होती. काळं पाणी खडपावरून गदगदा वाहत वाळूत उतरलं आणि एक फाटा फिरून माझ्या होडीखाली आला, माझ्या पायांवरून गेला. मी हलले नाही. तो माणूस काहीतरी गुणगुणत होता. काम झालं तसा त्याने पाइप गुंडाळला आणि टँकर गेला. थोड्या वेळाने भरती येणार होती आणि सगळं धुऊन नेणार होती.

दोन वर्षं सगळं गाव जे शोधत होतं ते माझ्या पायांवरून वाहून गेलं होतं. आणि तरी माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की मग ही दोघं आहेत कुठे?

घरी येऊन मी पाय साबणाने घासले, राखेने घासले, परत साबणाने घासले. संध्याकाळी दिगंबर आले. शर्ट चुरगळलेला, चेहरा उतरलेला.

“काय झाला?”

“काय व्हतला? पाणी घाण आसा ह्यां सगळ्यांका म्हायत. कोणाची घाण तां कोण सांगतलो? पुढच्या आठवड्यात प्रांतसाहेब शाळेत सुनावणी घेतले. तवसर कोण बघणारो गावलो तर ठीक, नायतर संपला.”

बघणारी समोर उभी होती. ओठापर्यंत आलं होतं. पण सांगायचं काय? टँकर बघितला म्हटलं की ते विचारणार, तू पहाटे पुळणीवर काय करत होतीस? त्यावर उत्तर एकच होतं, आणि ते दिल्यावर मी ह्या घरात कुठल्या तोंडाने वावरणार होते? नवऱ्याच्या पाळतीवर कोयती घेऊन गेलेली बाई! भागीरथीवयनीला जन्मभर पुरेल एवढा फराळ झाला असता.

आणि खरं सांगायचं तर आणखीही एक होतं. मी बोलले की गौतमीबाई जिंकणार. फोटो त्यांचा छापून येणार, आणि दिगंबर त्यांच्याकडे बघून परत हसणार. माझ्याच जिभेने मी तिच्या पदरात हे टाकू? मी मिठाची गुळणी धरून बसले.

पुढचे दिवस वाईट गेले. दिगंबर रात्री पायाच्या फोडांना तेल लावत बसायचे. मी लावून देते म्हटलं तर म्हणायचे, “रवांदे.” मी बोटभर अंतरावर बसून बघायची. सांग, असं एक मन म्हणायचं. दुसरं म्हणायचं, तिला बोलावून घेऊ दे की तेल लावायला.

सुनावणीला शाळेची मोठी खोली भरून गेली. टेबलामागे प्रांतसाहेब, शेजारी लिहून घेणारा कारकून, एका बाजूला रिसॉर्टचे वकील. बायका खिडकीकडे. माझ्या डाव्या हाताला भागीरथीवयनी, पदरात शेंगदाणे घेऊन आलेली. गौतमीबाईंनी तपासणीचे कागद दाखवले, आकडे वाचले. छान बोलल्या. मी त्यांच्या साडीकडे बघत होते. त्या दिवशी साडी नेसल्या होत्या, आणि निऱ्या चुकल्या होत्या. तेवढंच बरं वाटलं.

मग वकील उठले. माणूस मोठा गोड बोलायचा.

“दिगंबर कुबल, पाणी घाण आहे हे आम्हालाही मान्य आहे. पण घाण कोणाची? गावातल्या किती घरांचे शोषखड्डे धड आहेत? आमच्या रिसॉर्टमधून मैला समुद्रात जाताना तुमच्यापैकी एका तरी माणसाने डोळ्यांनी पाहिला आहे का?”

दिगंबर उभे होते. पुस्तकी मराठीही त्यांना सोडून गेली होती. “संशय आसा,” एवढंच ते म्हणाले.

“संशय तर मलाही पुष्कळ गोष्टींचा असतो,” वकील म्हणाले, आणि पुढच्या बाकावरचे रिसॉर्टचे लोक हसले.

दिगंबरांची मान खाली गेली. तेव्हा शेजारी बसलेल्या गौतमीबाईंनी हात वर करून त्यांच्या दंडाला धरलं, ‘बसा’ म्हणून. हळूच धरलं. आकाशी शर्टाच्या बाहीवर तो हात मला दिसला आणि मी उठले.

ताठ उभी राहून म्हटलं, “मी बघलंय.”

सगळी खोली वळली. प्रांतसाहेब म्हणाले, “पुढे या, बाई. नाव सांगा.”

“शालिनी दिगंबर कुबल.”

माझ्या तोंडून आलेलं ते नाव ऐकून ह्यांनी मान वर केली. मी मात्र तिकडे बघितलं नाही. टँकर सांगितला, निळी अक्षरं सांगितली, खडपातली भेग सांगितली, फडकं बांधलेला माणूस सांगितला. खोलीत कुजबुज सुरू झाली. गौतमीबाई भराभर लिहून घेत होत्या. वकिलांचा चेहरा क्षणभर बदलला, पण क्षणभरच.

“वा!” ते म्हणाले. “दोन वर्षं कुणाला काही दिसलं नाही आणि नेमकं आता दिसलं. तेही कुणाला? तक्रारदाराच्या बायकोला. साहेब, साक्षीदार शिकवून आणलेली आहे हे लहान मुलालाही कळेल. या संस्थेच्या बाईंनी पाठ करून घेतलंय आणि या बोलतायत.”

मी ऐकून घेतलं असतं. खोटारडी म्हणाले असते तरी ऐकून घेतलं असतं. पण गौतमीबाईंनी मला शिकवलं? मी तिच्या सांगण्यावरून बोलते? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“हिच्यासाठी?” मी म्हटलं. आवाज एवढा चढला की बाहेर व्हरांड्यातली माणसं दारात आली. “साहेब, ह्या बाईसाठी मी खोटां बोलतलंय? माझ्या सोलकढीच्या बाजूक हिना गटाराच्यो बाटल्यो ठेवल्यान. माझो घोव हिच्यावांगडा अख्खो दिस बोलता आणि घराकडे इलो की मुको. हिका मी एक घोट पाणी दिवची नाय, साक्ष खंयची दितंय?”

“बाई, शांत व्हा,” प्रांतसाहेब म्हणाले. “मला एवढंच सांगा, एवढ्या पहाटे तुम्ही तिथे कशाला गेला होतात?”

आलाच तो प्रश्न. शेजारच्या शेंगदाण्यांचा आवाज थांबला. मी दिगंबरांकडे बघितलं. ते माझ्याकडे असे बघत होते की जणू मी कोण ते आठवत होते. आता बसले तर टँकर खोटा ठरणार. सांगितलं तर मी उघडी पडणार. मग म्हटलं, पडले तर पडले.

“ह्या दोघांका पकडूक गेल्लंय, साहेब. दोघां गावली नाय. टँकर गावलो.”

मग मागच्या भिंतीकडून कुणीतरी फुसकन हसलं आणि सगळी शाळा हसायला लागली. प्रांतसाहेबांनी टेबलावर हात आपटला.

“ते दोघं तिथे येणार हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“हेंनीच. फोनवर. ‘उद्या सकाळी वेळेवर या, कुणाला सांगू नका,’ असां म्हणाले. माझ्या कानांनी आयकलंय.”

आता हसणं बंद झालं. सगळं गाव दिगंबरांकडे बघायला लागलं, आणि ते बघणं चांगलं नव्हतं. भागीरथीवयनीने तोंडावर पदर घेतला. “अरे देवा, वेळेर!” ती पुटपुटली. रापणीची माणसं एकमेकांकडे बघत होती. ज्याला मुख्य मानलं तो माणूस पहाटे परक्या बाईला पुळणीवर बोलावतो?

फक्त प्रांतसाहेब आणि वकील ह्यांना काही कळत नव्हतं. “बरं, मग?” साहेब म्हणाले. “वेळेवर या म्हटलं, त्यात बिघडलं काय?”

“बिघडला काय?” मी म्हटलं. “साहेब, तुमी साहेब झाल्यात म्हणान काय झाला? तुमची बायल आयकून घेतली असती?”

तेवढ्यात गौतमीबाई ताडकन उभ्या राहिल्या. चेहऱ्यावर आधी गोंधळ, मग काहीतरी लख्ख उजाडल्यासारखं, आणि मग त्या अशा हसत सुटल्या की त्यांना बाक धरावा लागला.

“साहेब, वेळ!” त्या कशाबशा म्हणाल्या. “यांच्याकडे वेळ म्हणजे समुद्रकिनारा! अहो शालिनीताई, पहिली एस. टी. सहाची होती. आदल्या वेळी मी उशिरा पोचले आणि बस गेली. म्हणून ते म्हणाले, उद्या वेळेवर या. घड्याळाच्या वेळेवर! आणि कुणाला सांगू नका म्हणजे रिसॉर्टवाल्यांना कळू देऊ नका, आम्ही तपासणीला पाणी नेतोय म्हणून!”

खोलीला समजायला थोडा वेळ लागला, आणि मग जे हसणं सुरू झालं ते शाळेची कौलं उडवील असं होतं. मघाशी तोंडावर पदर घेतलेली वयनी सगळ्यांत मोठ्याने हसत होती. दिगंबरांनी कपाळाला हात लावला होता. मला वाटत होतं, जमीन फाटावी आणि मी आत जावं. तरी त्यातही एक गोष्ट माझ्या लक्षात आली, की सगळं गाव माझ्यासारखंच समजलं होतं. चुकले असेन, पण एकटी नव्हते चुकले.

प्रांतसाहेबांनी रुमालाने तोंड पुसलं, बराच वेळ पुसलं. मग वकिलांकडे वळले.

“ही बाई शेजवलकरबाईंच्या सांगण्यावरून बोलतेय असं अजून म्हणणं आहे तुमचं?”

वकील उभे राहिले, माझ्याकडे बघितलं, माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे, आणि खाली बसले.

कारकुनाने पेन वर केलं. “साहेब, पहाटे तिथे जाण्याचं कारण काय लिहू?”

“लिहा,” साहेब म्हणाले, “साक्षीदार खाजगी कामासाठी पुळणीवर गेल्या होत्या.”

मग ते उठले आणि म्हणाले, चला, टँकर बघू. सगळं गाव त्यांच्या पाठोपाठ डोंगर चढलं. रिसॉर्टच्या मागच्या बाजूला टँकर उभे होते. एक नाही, दोन, एकसारखे रंगवलेले, दोघांवर ‘पिण्याचे पाणी’. पहिल्यात पाणीच होतं. दुसऱ्याचं झाकण उघडायला जो शिपाई वर चढला तो झाकण टाकून सरळ खाली उडी मारून आला. पुढे कुणाला काही विचारावं लागलं नाही.

उतरताना गौतमीबाई मागे राहिल्या आणि माझ्या बरोबरीने चालू लागल्या. माझं अंग चोरलं गेलं. आता ही काय म्हणणार? उपकार मानणार असेल तर ते नकोच होते मला.

“शालिनीताई,” त्या म्हणाल्या, “मला तुमचा हेवा वाटला.”

“माझो? कित्या?”

“माझ्यावर पाळत ठेवायला अंधारात उठून जावं असं कधी कुणाला वाटलं नाही.” हसत म्हणाल्या, पण डोळे खाली होते.

मी त्यांच्या सुटलेल्या निऱ्यांकडे बघितलं. “थांबा,” म्हटलं, आणि तिथेच वाटेवर त्या नीट करून दिल्या. त्यांना माझा हेवा वाटला हे ऐकून मला जो आनंद झाला तो काही चांगल्या बाईला शोभणारा नव्हता. पण झाला. आज इतक्या वर्षांनीही दिवाळीत त्यांचा फोन येतो, दिगंबर तो घ्यायला माडाखाली जातात आणि पुस्तकी मराठीत बोलतात, तेव्हा माझा एक कान तिकडे असतोच. तो काढून ठेवता येत नाही.

त्या रात्री आम्ही जेवलो तेव्हा दिगंबर एक शब्द बोलले नाहीत. मी वाट बघत होते. ओरडले असते तर बरं झालं असतं. हात धुऊन ते फ्रिजपाशी गेले, उरलेल्या बाटल्या एकेक बाहेर काढून पडवीत ठेवल्या, फळीवरचं सोलकढीचं मडकं उचललं आणि फ्रिजमध्ये ठेवलं.

मग माझ्याकडे पाठ करूनच म्हणाले, “कोयती खरांच नेलं होतंस?”

“तुमका कोणी सांगला?”

“जाग्यार नव्हती. मासे कापूक घेतलंय ओरोसाक गेल्लंय त्या सांजचा, तर तिका वाळू.”

म्हणजे त्यांना काहीतरी कळलं होतं आणि ते बोलले नव्हते. मी म्हटलं, “तिच्याकडे बोलतास. माझ्याकडे कधी बोललास?”

“ती इचारता. तू कधी इचारलंस?”

“तुमी कधी सांगलास?”

आम्ही दोघं त्या फ्रिजच्या उजेडात उभे होतो. दार उघडंच होतं. मला म्हणायचं होतं, दार लावा, लाइट फुकट जाता. नेहमीचं वाक्य. ते मी गिळलं आणि विचारलं, “मामंजी पाण्याचो रंग बघून जाळां टाकीत. कसो रंग?”

त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. हसले नाहीत, पण हसण्याच्या जवळपास कुठेतरी आले.

“असां तोंडान सांगूक येणा नाय. दाखवूक होयो. फाल्यां सकाळी वेळेर ये.”

“वेळेर की वेळेवर?”

त्यांनी फ्रिजचं दार लावलं.

“दोनय,” म्हणाले.